दाखला

पहिलं पत्र मीच लिहिलं होतं:
'कुमारी निलोफर शिकलगार या आमच्या फौंड्रीत
पाच वर्षे सचोटीने कामास होत्या.
स्वभावाने मनमिळाऊ. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'
खाली भूपाल मगदूम, टाइमकीपर, निवृत्त,
आणि शिक्का, त्यातला 'शिरोली'चा 'शि' झिजलेला.

तिकडच्या साहेबानं नऊ पानं धाडली.
नेमकं काम काय? आठवड्याला तास किती?
या कामाला पदवी लागतेच, की कुणीही करील?
कंपनी बंद आहे म्हणता, मग शिक्का कुणाचा?
सत्त्याऐंशी दिवसांत पुरावा द्या.

मी दुसरं पत्र लिहिलं.
'सचोटीने'च्या आधी 'अत्यंत' घातलं.

नामंजूर.

रात्री साडेनऊला पोरीचा फोन मिलवॉकीवरनं.
रडली न्हाई. कागद वाचून दाखवला, मग म्हणाली,
काका, तुमचं पत्र खोटं आहे असं नाही म्हणत ते.
त्यात काहीच नाही म्हणतात.

अडतीस वर्षं मी माणसांच्या येण्याजाण्याची मिनिटं लिहिली
आणि या पोरीबद्दल चार ओळींत एक मिनिट न्हाई.

फौंड्रीच्या जागी आता लॉन आहे, लग्नाचं.
भट्टी होती तिथं नवरा-नवरी बसतात,
सॅन्ड प्लँटच्या जागी आइस्क्रीमचा काउंटर.
मालकाच्या पोराच्या गॅरेजात, जनरेटरमागं,
मस्टर सापडलं. दोन हजार अकरा.
फेब्रुवारी कसरीनं खाल्लेला, बाकी साल शाबूत.
शिकलगार एन. आत सात पंचावन्न,
बाहेर सहा दहा, सात वीस, एकदा रात्रीचे दोन.

वडणग्याला हिंदुराव खोताकडं गेलो.
भट्टीवरचा गडी, आता दोन म्हशी.
धार काढता काढताच बोलला:
'पोरगी पाचर ओतायची. थंड झाली की हातोड्यानं तोडायची,
आन् पांढरा भाग पट्टीनं मोजायची.
सहा मिलीमीटर आला की म्हणायची, मामा, थांबा, ओतू नका.
आम्ही नुसता रंग बघून ओतायचो की.
दोनशे बारा पंपांचे सांगाडे भोकं पडून परत आले,
तवा वाळूतलं पाणी तिनंच पकडलं.
आम्ही म्हणत होतो, मेल्टिंगचा दोष.'

हे सगळं तसंच लिहिलं.
तारखा मस्टरातनं, आकडे खोताच्या तोंडचे,
तिच्या जुन्या वहीशी ताडून.
तिचा आजा पापाच्या तिकटीला सुऱ्या-अडकित्ते परजायचा,
धार अंगठ्यावर नव्हे, आवाजावर ओळखायचा,
हेही लिहिलं होतं.
ते तिच्या वकीलबाईंनी खोडलं.
पुरावा नाही म्हणाल्या.
बरोबर असंल. इथं ठेवतो.

कसबा बावड्यात कोर्टासमोरचा नोटरी
चष्मा वर करून म्हणाला,
मगदूम, सात पानं? तीन ओळींत भागतं की.
म्हटलं, तीन ओळींनीच घात केलाय.
खोतानं अंगठा दिला, शाई धोतराला पुसली.
मी सही केली. हात थोडा हलला,
ती सही जुन्या सहीशी जुळंल का
याची चिंता आठ दिवस पुरली.

नव्यानं अर्ज गेला. उन्हाळा गेला.
फोन आला की आधी तिचा श्वास ऐकायचो.

परवा फोटो आला, एका कागदाचा.
मंजूर. बस्स.
कौतुक न्हाई, शुभेच्छा न्हाईत, मनमिळाऊ न्हाई.
मी म्हटलं, एवढंच?
मग आठवलं, तपासून झालेल्या कास्टिंगवर
आम्हीपण खडूनं एक बरोबरची खूण करायचो
आणि पुढच्याला हात लावायचो.

मस्टर अजून माझ्याकडंच आहे.
परत द्यायला गेलो तर लॉनवर हळद चालली होती.
वॉचमननं विचारलं, कुणाकडचे, मुलाकडचे का मुलीकडचे?
म्हटलं, मुलीकडचा.
जेवूनच आलो.